पॉन्टिपी घराण्याच्या कर्त्या पुरुषास अनावृत पत्र

रा. रा. ॲडम पॉन्टिपी यांस,
मुक्काम ओरेगॉनचे डोंगर

सा. न. वि. वि.

आपले प्रताप स्टॅनली डोनन यांनी १९५४ साली ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’मधून जगापुढे आणले. साल १८५०, आपण गावात बाजाराला उतरता आणि सामानासोबत बायकोही नेता! खाणावळीत राबणारी मिली पसंत पडली, त्याच दिवशी लग्न. घरात सहा बिनलग्नाचे, पारोसे भाऊ बसलेत, हे तिला उंबरठा ओलांडल्यावर कळतं. आमच्याकडे स्थळ दाखवताना लोक वय लपवतात, पगार फुगवतात. सहा दीर लपवणारे आपण एकटेच.

पुढे भाऊ प्रेमात पडून झुरायला लागले, तेव्हा वडीलकीच्या नात्याने आपण सल्ला दिलात की रोमन लोकांनी सबाइन बायका पळवल्या, तुम्हीही पळवा. अहो, हरणाचं आम्हाला वावडं नाही. ‘संगीत सौभद्र’ आम्ही १८८२ पासून डोक्यावर घेतलंय. पण रुक्मिणीने कृष्णाला आधी पत्र धाडलं होतं, सुभद्रेचंही मन अर्जुनावर होतं. आपल्या शूर भावांनी सहा मुली रडत-ओरडत आणल्या, मागे बर्फाचा कडा कोसळून खिंड बंद, आणि लग्न लावायला पाद्री आणायचंच विसरले! मिलीने सगळ्यांना गोठ्यात हाकललं, तर आपण रुसून डोंगरातल्या खोपटात जाऊन बसलात.

एवढं असून मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघते. दोष नृत्यदिग्दर्शक मायकल किड यांचा. कोठार उभारण्याच्या त्या प्रसंगात त्यांनी भावांना अरुंद फळीवर नाचवलंय. कोलांट्या काय, उड्या काय, आणि चेहऱ्यावर भाव असा की रोज सरपण फोडतात तसंच हेही! भावांच्या भूमिकांतले रस टॅम्बलिन कसरतपटू, झाक द’आंब्वाझ थेट न्यूयॉर्क सिटी बॅलेचे. बेंजामिन झालेले जेफ रिचर्ड्स बेसबॉलवाले, म्हणून त्यांना बेताबेतानेच नाचवलंय. मागचे डोंगर पडद्यावर रंगवलेले आहेत, पण ते बघायला सवड कुणाला?

आता माझी खरी तक्रार ऐका. त्या नाचात मुली गावातली पोरं सोडून आपणहून तुमच्या भावांकडे येतात. म्हणजे पसंती तिथंच झाली होती! मिलीने त्यांना आंघोळ शिकवली, रीतभात शिकवली, नाच शिकवला आणि निम्मं काम फत्ते केलं. थोडा धीर धरला असतात, तर सहाही लग्नं रीतसर लागली असती. जे पायांनी जिंकलं होतं, ते आपण रोमन अकलेने घालवलंत. आणि आपलं हे डोकं पुढे हिंदीत ‘सत्ते पे सत्ता’ (१९८२) आणि मराठीत ‘आम्ही सातपुते’ (२००८) इथवर पोचलं. सचिन पिळगावकर तर पहिल्यात भावांपैकी एक आणि दुसऱ्याचे दिग्दर्शक.

शेवटी मुलगी झाली आणि आपल्याला उमगलं, की हिला कुणी पळवलं तर आपण त्याला फासावर चढवू. शहाणपण यायला लेक जन्मावी लागली, बायको पुरली नाही.

कळावे, लोभ नाचापुरता आहेच.

आपली,
एक जुनी प्रेक्षक

ता. क. : लेकीसाठी स्थळ बघाल तेव्हा आधी तिला विचारा, मग मुलाला फळीवर चढवा.