लहरींचे भय आणि कूलरचा झटका

भंडारा जिल्ह्यात मुलाला झोपायला स्वतंत्र खोली असणे ही मुळातच अलीकडची चैन. परवापरवापर्यंत पोरगं आई आणि आजीच्या मध्ये जागा मिळेल तसे आडवे व्हायचे, आणि रात्रभर त्याच्यावर मारा व्हायचा तो फक्त आजीच्या घोरण्याचा. आता भंडारा, तुमसर, साकोलीच्या नव्या ले-आउटमध्ये टू-बीएचके उभे राहिले, पोराला खोली मिळाली आणि खोलीच्या मागोमाग खोलीची भीतीही आली. पूर्वी भीती असायची ती दिशांची: डोके उत्तरेला नको, पलंग तुळईखाली नको. आता त्याच भीतीने इंग्रजी शाळेत नाव घातले आहे: डोके राउटरकडे नको, पलंग टॉवरच्या बाजूला नको. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र, ते अडवणारा भिंतीचा रंग, चांदीच्या धाग्याची मच्छरदाणी, मोबाइलच्या पाठीवर डकवायची चकती, सगळे घरपोच मिळते. ऑक्टोबर 2020 मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मोबाइलचे रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप लोकांपुढे आणली. शेणात ती शक्ती असती, तर सारवलेल्या घरांत मोबाइलला रेंजच आली नसती. आमच्याकडच्या काही गावांत ती खरोखरच येत नाही, पण त्याचे श्रेय शेणाला देणे योग्य होणार नाही. माझे म्हणणे साधे आहे. मुलाच्या खोलीतल्या विजेला जरूर भ्यावे. पण ती हवेतून लहरत जाते तेव्हा नव्हे, तर तारेतून निसटते तेव्हा.

आधी लहरींची बाजू ऐकून घेऊ. मोबाइल, वाय-फाय आणि टॉवरच्या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याएवढी ऊर्जा नसते, क्ष-किरणांत असते. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता. तीही भंडाऱ्याच्या मे महिन्यापुढे कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी किरकोळ. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. यावर लगेच हुकमी एक्का पडतो: ‘पण जागतिक आरोग्य संघटनेने या लहरींना कर्करोगकारक म्हटले आहे ना!’ संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2बी गटात टाकले, हे खरे. त्याच गटात आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत. आपले कैरीचे लोणचे त्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा बरणी फोडायची घाई करू नये. ही यादी धोका किती मोठा हे सांगतच नाही. पुरावा किती पक्का एवढेच सांगते, आणि 2बी म्हणजे पुरावा कच्चा. पुढे 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आढावा प्रसिद्ध झाला. कित्येक वर्षांचे अभ्यास चाळून त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांची कवटी पातळ, वाढ चालू, आयुष्य लांब. मोठ्यांचा हिशेब त्यांना कसा लावायचा? शिवाय घरातल्या साध्या विजेचे चुंबकीय क्षेत्रही 2002 पासून 2बी गटात आहे, आणि तेही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरून. सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर क्षेत्र असलेल्या मोजक्या घरांत त्या आजाराचे प्रमाण थोडे जास्त दिसले. तेच कारण, असे मात्र सिद्ध झालेले नाही. आक्षेप मान्य, आणि त्यावरचा उपाय फुकट आहे: अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट केले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. मोटारीचे चुंबकीय क्षेत्र तर त्याहून भराभर उतरते. पोराचा पलंग मीटर-बोर्डाच्या भिंतीपासून सरकवा, राउटर बैठकीत न्या, मोबाइल उशीखालून काढून दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. याने लहरी कमी होतील ते होतील, पण पोरगं झोपेल, हा फायदा रोकडा आहे.

मात्र फुकटच्या उपायावर आपला विश्वास बसत नाही. म्हणून कवच विकत घ्यायचे. कवचाचीच हौस असेल, तर भंडारा म्हणजे पितळेचे गाव. पितळ या लहरी उत्तम अडवते. घट्ट झाकणाच्या पितळी डब्यात मोबाइल ठेवला, तर बाहेर फारसे काही येणार नाही. फोनसुद्धा येणार नाही. पोराला हंड्यात निजवायचे तेवढे उरते. चांदीच्या जाळीची गंमत वेगळी. जाळीच्या आत पोरगं मोबाइल घेऊन शिरले की फोनला टॉवर नीट दिसत नाही. समोरच्याला ऐकू जात नसले की माणूस ओरडून बोलतो, तसा कमी रेंजमध्ये फोन आपली शक्ती वाढवतो. टॉवर गावातून हाकलून लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे: दूरचा टॉवर म्हणजे कानाशी जास्त जोर लावणारा फोन. त्यापेक्षा साधी सुती मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली बरी. ती डास अडवते, आणि धानाच्या बांध्यांजवळच्या घरांत रात्री फिरणाऱ्या मण्यारीलाही अडसर होते. मण्यार झोपलेल्याला चावते आणि बहुतेकदा कळतही नाही. लहरी मात्र अजून कोणाच्या अंथरुणात शिरून चावल्याचे ऐकिवात नाही.

‘पण काळजी घेतली तर बिघडले काय?’ हा शेवटचा आक्षेप. बिघडते ते हे, की काळजीही खर्च होते आणि चुकीच्या ठिकाणी संपते. उन्हाळ्यातली पोराची खोली बघा. खिडकीत पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, पंपाच्या वायरीला काळ्या टेपचा जोड. प्लगची तिसरी पिन, सगळ्यात लांब आणि जाड, म्हणजे अर्थिंगची, ‘बोर्डात बसत नव्हती’ म्हणून कापलेली. पोरगं ओल्या पायांनी येऊन जाळीला तोंड लावते आणि आ-आ करून आवाज काढते. तिथे ते महागडे यंत्र धरा. मोटारीजवळ ते टूं-टूं करून घर डोक्यावर घेईल. पण पत्र्यात करंट उतरला आहे का, हे त्याला कळणार नाही, कारण ते त्याचे कामच नव्हे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे आणि लेकरे दगावतात. वाय-फायने दगावलेल्याची बातमी अजून कुठल्या पेपरात आलेली नाही.

इथे थट्टा थांबवावी लागते. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. चौकशीत बोट विजेच्या बिघाडाकडे गेले. लेकरांच्या खोलीत वीज काय करू शकते, हे या जिल्ह्याला कोणत्याही यंत्राने सांगायची गरज नाही.

म्हणून जाळी, रंग आणि चकतीचे पैसे आधी इलेक्ट्रिशियनला द्या. अर्थिंग तपासून घ्या, टेपचे जोड काढून अखंड वायर टाका, आणि 30 मिलिअँपिअर करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. त्यावर चाचणीचे एक बटन असते. ते महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली, तर तो ठीक आहे. नाही गेली, तर बदला. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसते बटन बंद करून भागवू नका. एवढे करून पैसे उरले आणि लहरींची भीतीही उरली, तर खुशाल चकती घ्या. कूलरच्या प्लगला तिसरी पिन आहे की नाही, ते मात्र आजच बघा.