अरेलियाचं घराणं

झाडांच्या कुळाला ज्याचं नाव मिळतं, तो कुळातला सगळ्यात कर्तबगार असेलच असं नाही. जिनसेंग आणि आयव्ही एकाच कुळातली. पण कुळाचं शास्त्रीय नाव अरेलिएसी, अरेलिया नावाच्या तिसऱ्याच झाडावरून पडलेलं. लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून छापलेले थोरले काका वऱ्हाडात कुणालाच ओळखू येत नाहीत, तशी ही अरेलिया. कुळाची ही नोंद जुस्यू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १७८९ सालच्या ग्रंथातली. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यांवर माणसं घराण्यांचा मोठेपणा मोडीत काढायला निघाली होती आणि हा गृहस्थ तिथेच झाडाझुडपांना घराणी बहाल करत होता. झाडांची घराणी टिकली.

जिनसेंगच्या प्रजातीला लिनियसने पॅनाक्स म्हटलं, म्हणजे सर्व रोगांवर उतारा. एवढ्या मोठ्या नावाखाली ते मूळ बिचारं जमिनीत वर्षानुवर्षं सावकाश वाढत राहतं. चीनमधल्या एका जेझुइट पाद्र्याने त्याचं केलेलं वर्णन वाचून लाफितो नावाचा दुसरा पाद्री कॅनडात ते शोधू लागला आणि १७१६ मध्ये माँट्रियलजवळ त्याला त्याचं अमेरिकन भावंड सापडलं. तिथल्या मोहॉक लोकांना ते आधीपासून ठाऊक होतंच. मग ते जहाजं भरभरून चीनला जाऊ लागलं. आमच्या आजोबांनाही कुणीतरी जिनसेंगच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी त्या च्यवनप्राशाच्या बरणीमागे जपून ठेवल्या, घेतल्या मात्र कधीच नाहीत. घरात ताकद आहे एवढ्यावरच त्यांना हुशारी वाटायची.

माझा जीव मात्र आयव्हीवर. तरुणपणी तिची पानं कोनाकोनांची, आणि बारीक मुळं रोवत ती भिंत चढत सुटते. भिंतीचा रस पिते हा तिच्यावरचा नाहक आळ. वर भरपूर ऊन मिळालं की पानांचे कोने मावळतात, चढणं थांबतं आणि शरदात, बाकीची फुलं आटोपत आली असताना, हिरवट फुलांचे गेंद येतात. मधमाश्या शेवटच्या पंगतीला बसतात. या वयात आलेल्या फांदीचं रोप केलं, तर ते सहसा चढतच नाही. झुडूप होऊन निवांत राहतं. आईच्या निवृत्तीनंतर जन्मल्यासारखं.

आपल्याकडे या घराण्याची ओळख बाल्कनीतल्या कुंडीत होते. छत्रीच्या काड्यांसारखी पानं पसरणारा शेफलेरा याच कुळातला. त्याला रोज पाणी घालून मुळं कुजवू नका, आणि जिनसेंगचा नातलग म्हणून पानांचा काढा तर मुळीच करू नका: त्याच्या रसाने तोंडाची आग होते.