वांगं, पाटील आणि अकरावी बी ग्रुप

मे संपत आला की शाळेत मास्तरांकडून वार्षिक नियोजन मागवतात. आठवडा, प्रकरण, तासिका, उद्दिष्ट, साधनं आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. बाकीचे रकाने मी मागच्या वर्षीचे उतरवून काढतो. डोकं चालवायचं ते शेऱ्यासाठी राखून ठेवतो, कारण सुरतच्या लिंबायतमधला जून महिना शेऱ्याच्या रकान्यातच घडतो. 'पाऊस.' 'लग्न.' 'पाऊस व लग्न.'

गुजरातच्या शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात, पण आमची निम्मी पोरं तेव्हा खानदेशात दोंडाईचा, अमळनेर, शिरपूर अशा ठिकाणी मामाच्या नाहीतर काकाच्या मांडवात जेवत असतात. ती उधना स्टेशनवर उतरायला लागतात तोवर मृग बरसायला लागतो आणि मिठी खाडीला उचकी लागते. खाडीपूर आला की शाळा बंद. थोडक्यात, अकरावीच्या जीवशास्त्राचे पहिले तीन आठवडे कागदावर अठरा तासिकांचे आणि वर्गात देवाच्या मर्जीचे असतात.

ते सुरू कशाने करायचे हा दुसरा प्रश्न. एनसीईआरटीच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण सजीव सृष्टीवर आहे. पूर्वी त्याच्या आरंभालाच 'सजीव म्हणजे काय?' असा एक भाग होता. वाढणं हे सजीवाचं लक्षण म्हणावं तर डोंगरही वाढतो, प्रजनन म्हणावं तर खेचराला पोरं होत नाहीत, अशी मोठी गमतीदार भांडणं त्यात होती. आमच्या वर्गात ती चांगली रंगत. मेट्रोचा खांब वाढतो, उकिरडाही वाढतो, मग ते जिवंत का नाहीत यावर तासाची घंटा व्हायची. पुढे विद्यार्थ्यांवरचा भार हलका करायची टूम निघाली, पुस्तकांना कात्री लागली आणि हा भाग गळाला. जीवशास्त्रातून नेमका जीव काढल्यावर भार हलका होणारच, त्यात तज्ज्ञांचं काही चुकलं नाही.

एवढं करूनही पोरांना पहिलं प्रकरण शिकवायची सोय नाही. बी ग्रुपला, म्हणजे जीवशास्त्राला, आलेलं प्रत्येक पोर डॉक्टर व्हायला आलेलं असतं. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण त्याचे. त्यामुळे दहावीचा निकाल लागायच्या आत क्लासवाल्यांनी पहिली दोन प्रकरणं उरकलेली असतात. मी फळ्यावर शीर्षक लिहितो तोच मागून आवाज येतो, "सर, हे झालंय." आणि जे झालेलं नसतं त्यावर, नुकताच गावाहून आल्यामुळे अहिराणीतच, दुसरा विचारतो, "सर, हाई नीटमा येस का?"

म्हणून मी पहिल्या तासाला पुस्तक उघडतच नाही, हजेरीपट उघडतो. गुजरातेत हजेरीपटावर आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही सगळ्या सृष्टीची हजेरी याच रीतीने मांडली: आधी वंश, मग जाती. आता आमच्या पटावर पाटील किती, हे लिंबायतबाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. (आमदार पाटील, खासदार पाटील, मग वर्गाने काय पाप केलंय?) "पाटील" अशी हाक मारली की वंश उभा राहतो. पुढचं नाव उच्चारल्याशिवाय जात कळत नाही. इथे जात म्हणजे स्पीशीज, हे घाईघाईने सांगावं लागतं.

मग वांगं घेतो. खानदेशी पोरांना भरताच्या वांग्याबद्दल जन्मजात आदर. ते सोलॅनम मेलोंजेना. बटाटा सोलॅनम ट्यूबरोसम. दोन्ही नावं लिनियसची, १७५३ सालची. वांगं आणि बटाटा एकाच आडनावाचे म्हटल्यावर वर्गात खळबळ उडते. एका मुलीने विचारलं होतं, "सर, मग वांगं-बटाट्याची रस्साभाजी म्हणजे एका कढईत भाऊबंदकीच ना?" द्विनाम पद्धतीवर याहून चांगलं उत्तर मी कुठल्याही पेपरात वाचलेलं नाही. गुण मात्र शून्य मिळाले असते.

दुसऱ्या आठवड्याचं साधन मायक्रोस्कोप. तो कपाटात असतो, कपाटाची किल्ली लॅब असिस्टंटकडे असते आणि लॅब असिस्टंट लग्नाला गेलेला असतो. पण लिंबायतमध्ये भिंगावाचून अडत नाही. ज्याच्या घरात कोणी लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला आहे, त्याला पिक ग्लास ठाऊक असते: ताण्याबाण्याचे दोरे मोजायची, घडी होणारी छोटी काच. एक पोरगा बापाची घेऊन आला की तास सुरू. कारण सूक्ष्मजीव पहिल्यांदा ज्याने पाहिले तो लेव्हेनहूक कोणी डॉक्टर-प्रोफेसर नव्हता, हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा कापडवाला होता. १६५४ पासून त्याचं दुकान. त्या काळचे कापडवाले सूत भिंगाखालीच पारखत. याने आणखी बारीक भिंगं घासली आणि १६७६ साली, मिरी तिखट का लागते हे बघायला मिरी पाण्यात भिजत घातली. तिखटपणा सापडला नाही, पण पाण्यात वळवळणारी वस्ती सापडली. तेव्हा डच कंपनीची वखार आपल्या सुरतेत होती आणि त्याच कंपनीचं एक कार्यालय डेल्फ्टला होतं. त्याच्या दुकानात सुरतेचं कापड होतं की नाही, यावर मी छातीठोक काही बोलत नाही. पोरं मात्र बोलतात: "असणारच, सर!"

पिक ग्लासमधून जिवाणू दिसत नाहीत, पण डासाची अळी झकास दिसते. खरं तर दोन आठवड्यांसाठी डासासारखा गुणी प्राणी नाही. अंडं, अळी, कोश, डास, सगळा जन्म शाळेच्या नियोजनात बसतो. बरणीवर साडीचा तुकडा बांधला की झालं. पण पालिकेची माणसं दारोदार साठलेलं पाणी तपासत फिरतात, आणि प्रिन्सिपलसाहेबांना बरणी दिसली. "सर, नोटीस तुमच्या नावाने येईल की बायोलॉजीच्या?" त्यांचंही बरोबर. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा लाखो माणसं हे शहर सोडून पळाली. या पोरांच्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी खानदेशाकडची गाडी धरली होती. त्या शहरात हौसेने डास पाळणारा मास्तर कोणाला परवडेल? बरणी ओतली. अळीचं चित्र फळ्यावर काढलं, ते झुरळासारखं आलं.

तिसऱ्या आठवड्यासाठी माझा आवडता बेत म्हणजे कतारगामच्या डच कबरस्तानाची सहल. "बायोलॉजीची सहल कबरस्तानात?" असा प्रश्न येतोच, आणि इतिहासाच्या मॅडम म्हणतात, "ते आमच्याकडे येतं." पण तिथली सगळ्यात भपकेबाज कबर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडेची. हा डच अधिकारी १६९१ साली सुरतेला येताना मुंबईजवळ जहाजावर वारला आणि इथे पुरला गेला. मलबारच्या वनस्पतींवर त्याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. पहिला खंड १६७८ चा. झाडांची माहिती सांगितली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. तिघांचं कोकणीतलं साक्षपत्र ग्रंथात नागरी अक्षरांत छापलंय. पुढे लिनियसने भारतातल्या झाडांना नावं देताना याच ग्रंथाचा आधार घेतला. म्हणजे पोरं ज्या नामकरणाला 'झालंय' म्हणतात, त्यातलं बरंचसं सामान पुरवणारा माणूस त्यांच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर झोपलाय. नीटमध्ये तो येत नाही, म्हणून पोरं त्याला भेटायला जात नाहीत.

यंदा शेऱ्याच्या रकान्यात मी आधीच 'पाऊस' लिहून टाकलंय, आणि 'सहल' समोर 'परवानगीस सादर'. साधनांत मात्र कमी आहे. उधना, लिंबायत, दिंडोलीकडे कोणाच्या खात्यात जुनी पिक ग्लास पडून असेल तर ती भंगारात घालू नका, जवळच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या मास्तरला नेऊन द्या. बिजागरी मोडकी असली तरी चालेल, काच तेवढी शाबूत हवी.