अथातो सदनिकाजिज्ञासा

सोलापूर शहरात नवी सदनिका घेऊ इच्छिणाऱ्या, आणि त्याकरिता बांधकाम व्यावसायिकाच्या (यापुढे आपण त्यास शहराच्या सर्वमान्य प्रघातानुसार बिल्डर असेच म्हणू) वातानुकूलित कचेरीची पायरी चढण्याचा निश्चय केलेल्या सद्गृहस्थाच्या मार्गदर्शनार्थ प्रस्तुत प्रकरण सिद्ध केले आहे. कोणत्याही शास्त्रास अधिकारी लागतो. ज्याच्या गाठीस घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा आहे, उरलेल्या चार हिश्शांविषयी ज्याचे बँकेशी बोलणे झाले आहे, मेथीच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घेतल्याखेरीज जो मंडईतून आजवर परतलेला नाही, आणि तरीही लाखांचा व्यवहार पुढ्यात येताच ‘एवढ्या मोठ्या माणसापुढे घासाघीस कशी करायची’ या संकोचाने ज्याची जीभ टाळूस चिकटते, तो या शास्त्राचा अधिकारी होय. अशी माणसे जुळे सोलापुरापासून शेळगीपर्यंत विपुल आहेत.

प्रथम कालविचार. दसरा, पाडवा आणि अक्षय तृतीया हे मुहूर्त खरेदीस उत्तम, आणि म्हणूनच सौद्यास अधम होत. कारण त्या दिवशी बिल्डराच्या दारी तोरण असते, पेढ्यांचे तबक फिरत असते, आणि ‘सकाळपासून चार बुकिंग झाल्यात, मालक’ हे वाक्य तो ज्या प्रसन्न मुद्रेने उच्चारतो, तिच्यापुढे दर कमी करण्याची भाषा अभद्र वाटू लागते. याउलट भाद्रपदाच्या कृष्णपक्षात त्याच कचेरीत माशा मारण्याचे काम कर्मचारी आपसांत वाटून घेतात. पितृपंधरवड्यात कुणी इसार देत नाही, कुणी नमुना फ्लॅट पाहायलाही येत नाही, सळईवाल्याचा आणि सिमेंटवाल्याचा तगादा मात्र तिथी पाहून थांबत नाही. शहाण्याने बोलणी या पक्षात उरकावीत आणि इसार घटस्थापनेस द्यावा.

जागा मात्र पाहावी ती मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, जेव्हा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे सरकलेला असतो आणि बिल्डराचा माणूस ‘संध्याकाळी या की, वारा छान असतो’ असे आर्जवून सांगत असतो. पश्चिमेच्या भिंतीवर आतून तळहात ठेवावा. शंभर अंक मोजून होईपर्यंत तो तेथे टिकला तर घर वास्तव्यास योग्य समजावे. न टिकल्यास तो मुद्दा टिपून ठेवून भाद्रपदात बाहेर काढावा. आमच्या पेठांतील माळवदाच्या घरांत हा प्रश्नच उद्भवत नसे. हातभर जाडीच्या भिंती आणि वर मातीचा थर यांच्या आत वैशाखातही माणसे बिनघोर झोपत. त्या भिंतीची जागा आता सहा इंचांच्या विटेने घेतली असून तिच्या बाह्यांगावरील काचेच्या पट्ट्यांस एलिव्हेशन अशी संज्ञा आहे.

दुसरा विचार सोबत्यांचा. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक मामा प्रत्येक कुटुंबात असतात. नसल्यास शेजाऱ्यांचे मागून आणावेत. मामांनी वाद घालू नये, दर विचारू नये. त्यांनी केवळ भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करावी, क्षणभर कान द्यावा, ‘हं’ म्हणावे आणि पुढच्या खोलीत जावे. आक्षेप कोणताही असो, बिल्डरापाशी त्यावर तोडगा तयार असतो. परंतु ‘हं’ यावर उत्तर त्याच्या धंद्यात अद्याप निघालेले नाही. मामांनी शेवटी एकच प्रश्न विचारावा, ‘पाया मुरमापर्यंत गेलाय ना?’ आणि उत्तराची वाट न पाहता चहा घ्यावा. प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटला तरी या काळ्या मातीच्या मुलखात तो कळीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर अर्धवट विसावलेली इमारत तिच्यासोबत दरवर्षी तितकाच श्वास घेत राहते, ज्याच्या खुणा पुढे दिवाणखान्यातील भिंतीवर तिरप्या भेगांच्या रूपाने उमटतात. ताब्यापासून पाच वर्षांत रचनेतील असा दोष निघाल्यास तो बिल्डराने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, असे 2016 चा स्थावर संपदा कायदा म्हणतो. बिल्डर त्या भेगेस ‘हेअर क्रॅक’ म्हणतो.

सौभाग्यवतींनी मोजमापाची फीत पर्समधून न्यावी. नमुना फ्लॅटमधील पलंग हा निद्रेसाठी नसून दर्शनासाठी घडविलेला असतो. त्याची लांबी मोजल्यास साडेपाच फूट भरते, कपाटाची खोली एक शर्ट आडवा मावेल इतकीच असते, आणि आतल्या दारांच्या चौकटींना दारे बसविलेली नसतात, जेणेकरून ती उघडण्यास लागणारी जागाही खोलीच्या ऐसपैसपणात जमा व्हावी.

माहितीपत्रकाविषयी थोडक्यात. त्यातील आकाशात एक विमान असते. हे विमान तेथे फार जुने आहे. होटगी रस्त्याच्या विमानतळावरील उड्डाणांच्या वाटेत उभी असलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडली ती 2023 च्या जूनमध्ये, आणि गोव्याचे विमान उडाले ते 2025 च्या जूनमध्ये. परंतु अशा ऐहिक अडचणींसाठी माहितीपत्रक कधी खोळंबून राहिलेले नाही. त्यात दिलेली सर्व अंतरे मिनिटांत असतात, आणि ती मिनिटे पहाटे चार वाजता मोटारसायकलवर मोजलेली असतात.

आता दराचे प्रकरण. बिल्डर म्हणेल, ‘चार हजार रुपये फूट, त्यात काही होणार नाही.’ त्यावर गिऱ्हाईक दोन तास झुंजते, आणि अखेरीस पन्नास रुपये सोडवून विजयी वीरासारखे घरी परतते. वस्तुतः हा प्रवेश बिल्डराने मुद्दाम राखून ठेवलेला असतो. ज्या 910 फुटांवर तो दर लावला, त्यांपैकी पायाखाली येणारे चटईक्षेत्र 650 फूट असते. उरलेल्या 260 फुटांत जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती आणि बिल्डराचा आशावाद यांचा समावेश होतो. 36 लाख 40 हजारांस 650 ने भागावे, म्हणजे खरा दर 5,600 निघतो. महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून रेरा प्राधिकरणाचा अंमल सुरू झाला आणि व्यवहार चटईक्षेत्रावरच व्हावा असे ठरले, ही गोष्ट बिल्डरास ठाऊक आहे. करारनाम्यात तो चटईक्षेत्रच लिहितो. बोलताना मात्र त्यास जुनी भाषा आवडते.

पन्नास रुपयांच्या हिशेबाने सोडलेले 45,500 रुपये तो कोठून भरून काढतो, हे पाहायचे असल्यास कच्च्या कागदाच्या तळाशी जावे. तेथे वीजजोडणी व ट्रान्सफॉर्मर, दोन वर्षांची आगाऊ देखभाल, दस्ताच्या वकिलाची फी, ‘सोसायटी फॉर्मेशन’ आणि वाहनतळ अशी एक रांग बारीक अक्षरांत उभी असते. मोकळ्या जागेतील वाहनतळ विकण्याचा अधिकार कायद्याने त्यास नाही, हे विनयपूर्वक निदर्शनास आणावे. ‘विकत कुठं देतोय मालक, अलॉट करतोय,’ असे उत्तर येईल. यास्तव चौरस फुटाचा दर काय, हा प्रश्नच विचारू नये. ‘किल्ली हातात पडेपर्यंत एकंदर किती’ एवढेच विचारावे आणि तो आकडा त्याच्याच हस्ताक्षरात घ्यावा. 2019 पासूनच्या जीएसटीचाही विचार त्यातच करावा: 45 लाखांच्या व 90 चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आतील चालू बांधकामास एक टक्का, त्यावरच्या घरास पाच टक्के, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतल्यास काहीच नाही. घर केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो. स्त्रीदाक्षिण्याची ही संधी सहसा कोणी दवडत नाही.

एक सूचना खास सोलापूरची. येथील सौदा एका भाषेत होत नाही. बिल्डर तुमच्याशी मराठीत बोलतो, सुपरवायझरास कानडीत हुकूम करतो, हिशेबनिसाशी तेलुगूत कुजबुजतो आणि फरशीवाल्यावर दखनी हिंदीत डाफरतो. तुम्हांस सांगितलेला दर मराठीत असतो; ज्या दरापर्यंत खाली येण्याची तयारी आहे, तो हिशेबनिसाच्या कानात पडतो. म्हणून निदान शंभरापर्यंतचे आकडे कानडीत आणि तेलुगूत कानाने ओळखता यावेत इतपत अभ्यास गिऱ्हाइकाने आधी करावा. पूर्व भागात बालपण गेलेल्यांचा तो आपोआप झालेला असतो. हे ज्ञान चेहऱ्यावर मात्र दिसू देऊ नये. खिडकीबाहेर पाहत राहावे.

‘थोडं इकडं, थोडं तिकडं करू’ असा प्रस्ताव आल्यास, म्हणजे काही रक्कम कागदावर आणि काही रोख अशी सूचना झाल्यास, आपण बहिरे झालो असे समजावे. वीस हजार वा त्याहून अधिक रोख स्थावर मिळकतीच्या व्यवहारात घेण्यास आयकराच्या कायद्याची मनाई आहे. शिवाय जे कागदावर नाही त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि पुढे भांडण झाल्यास ते पैसे दिले होते हे सांगण्याचीही चोरी होते.

आता आपण या शास्त्राच्या मुख्य विषयाकडे येतो. तो विषय म्हणजे पाणी. क्लब हाऊस, योगासनांचा कट्टा, पन्नास पावलांचा जॉगिंग ट्रॅक आणि प्रवेशद्वारातील कारंजे यांविषयी बिल्डर ओघवत्या वाणीने बोलतो, आणि त्यांपैकी काहीही वाढवून देण्यास तो उदारपणे तयारही असतो. त्यास मध्येच थांबवून ‘जमिनीखालचा हौद किती लिटरचा?’ असे विचारावे. कचेरीत शांतता पसरते. उजनीची क्षमता 117 टीएमसी आहे, आणि ज्या वर्षी धरण तुडुंब भरते त्या वर्षी आपण सारे एकमेकांचे अभिनंदनही करतो. परंतु शंभराच्या वर किलोमीटर जलवाहिनीतून प्रवास करून ते पाणी आपल्या नळास येते ते चार-पाच दिवसांआड, आणि 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत त्याची वेळ ठाऊक असलेला मनुष्य गल्लीत पुढाऱ्यासारखा मानला जातो. तेव्हा हिशेब पुढीलप्रमाणे मांडावा. शहरी माणसास दररोज 135 लिटर पाणी लागते, असे सरकारी मान आहे. पाच जणांच्या बिऱ्हाडास चार दिवसांचे 2,700 लिटर होतात. इमारतीत चोवीस बिऱ्हाडे असतील तर 64,800 लिटर. नकाशावरील हौद वीस हजारांचा निघतो. उरलेले पाणी टँकर आणतो, आणि त्याचे बिल बिऱ्हाडे भरतात.

हा हिशेब घरी करून न नेता त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पेनाने, मोठ्याने आकडे म्हणत करावा. ‘बोअर आहे की ओ,’ असे तो म्हणेल. बोअर आहे हे मान्य करावे. तिची खोली, मोटारीची अश्वशक्ती आणि एप्रिल महिन्यात ती किती वेळ पाणी उपसते, हे मात्र विचारावे, आणि शक्य तर रखवालदारास निराळे विचारावे, कारण बांधकामावर पाणी मारण्याचे काम त्याच्याकडे असते आणि त्यास अद्याप खोटे बोलण्याचा पगार मिळत नसतो. दरात पन्नास रुपये कमी करण्यापेक्षा हौद दुपटीने मोठा करून घेणे हे या शहरात अधिक लाभाचे असून, पाया खणला जात असेतोवर ते बिल्डरासही फारसे जड नसते. त्यानंतर मात्र कारंज्याखेरीज काहीही वाढवून मिळत नाही.

कागदपत्रांविषयी विस्तार करण्याचे कारण नाही. सातबारा, बिनशेतीचा हुकूम, तीस वर्षांचा शोध अहवाल, महापालिकेची बांधकाम परवानगी ही मंडळी सर्वांस परिचित आहेत, आणि ‘गुंठेवारी होती, आता नियमित झालीय’ असे ऐकताच वकिलाकडे जावे हेही. दोन गोष्टींचे विस्मरण मात्र होऊ देऊ नये. एक, नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बिल्डरास अधिकार नाही. तो मागेल, ‘सगळेच देतात’ असेही म्हणेल. दोन, ताब्याची तारीख. बिल्डराच्या तोंडी ‘दिवाळीपर्यंत’ असते, करारनाम्यात दुसरी असते, आणि रेराच्या नोंदणीत बिल्डराने स्वतः जाहीर केलेली तिसरी असते. त्या तिसऱ्या तारखेचा उतारा छापून न्यावा आणि काहीही न बोलता त्याच्यापुढे ठेवावा. दिवाळी नेमकी कोणत्या सालची, हा खुलासा तेथेच होतो.

ताबा घेताना एक बादली न्यावी. न्हाणीघराच्या फरशीवर ती उपडी करावी आणि पाणी मोरीकडे जाते की उंबऱ्याकडे, हे मामांसह उभे राहून पाहावे. उंबऱ्याकडे गेल्यास ताबापावतीवर सही करू नये, कारण उताराचे काम सहीच्या आधी अर्ध्या दिवसात होते आणि सहीनंतर त्यास ‘फरशीवाला गावाकडं गेलाय’ असे कारण लागते. या परीक्षेस एकच विघ्न संभवते. बादली भरण्यास नळ सोडावा आणि त्यातून केवळ फुसकारा यावा, तेव्हा बिल्डराचा माणूस दिलगिरीने म्हणतो, ‘आज पाण्याचा दिवस नाही की ओ, मालक.’ यास्तव ताब्याचा मुहूर्त भटजींकडून काढण्याआधी त्या भागातील पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यास विचारून घ्यावे, आणि दोघांचे एकमत न झाल्यास कर्मचाऱ्याचा मुहूर्त ग्राह्य धरावा.