आग : गुरुवारी दुपारी चार वाजता

अचानक आग लागल्यास काय करावे, याचं परिपत्रक आमच्या कार्यालयात सोमवारीच फिरलं. 'गुरुवारी दुपारी ठीक चार वाजता अचानक मॉक ड्रिल होईल. कोणीही रजा घेऊ नये.' दिवस-वेळ कळवून येणारी आग आमच्याच नशिबी!

निमित्त अग्निशमन सेवा सप्ताहाचं. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण प्राणाला मुकले. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही फ्लेक्स लावतो आणि सामोसे मागवतो.

शिकवायला आलेला जवान बिचारा मनापासून सांगत होता. पिन काढा, वारा पाठीशी घ्या, फवारा ज्वाळेवर नको, आगीच्या बुडाशी मारा. मग त्याने प्रात्यक्षिकासाठी सिलिंडर मागितला. तो जिन्याच्या फायर डोअरला अडण म्हणून लावलेला होता. धूर जिन्यात शिरू नये म्हणून हे दार मिटलेलं असावं लागतं. आमच्याकडे वारा खेळावा म्हणून ते सताड उघडं, आणि तो उघडेपणा सांभाळायला अग्निशामक सिलिंडर तैनात. सिलिंडर हलवताच दार धाडकन मिटलं. ते मिटतं, हे कित्येकांना त्या दिवशीच कळलं. पलीकडे जिन्यात गेल्या गणपतीचं मखर, मोडक्या खुर्च्या आणि झेरॉक्सच्या कागदांचे खोके सुखाने नांदत होते.

चार वाजता भोंगा झाला. अकाउंट्सच्या मॅडमनी आधी चहा संपवला. निम्मे लोक लिफ्टपाशी गेले, "खरी आग थोडीच आहे!" उरलेले बायोमेट्रिकच्या रांगेत, कारण पंच न करता बाहेर पडलं की अर्धा दिवस कापतात. खाली असेंब्ली पॉइंटवर साहेबांची गाडी उभी होती, म्हणून आम्ही रस्त्यावर जमलो. शिरगणती मस्टरवरून झाली. त्यामुळे आजारपणाच्या रजेवरचे दोघेही सुखरूप बाहेर पडले.

कागद मात्र चोख. राज्याच्या 2006 च्या कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो, यंत्रणा ठणठणीत असल्याचा. आमचा कधी चुकत नाही. 21 जून 2012 रोजी खुद्द मंत्रालय पेटलं, पाच माणसं गेली, वरचे मजले खाक झाले. कायदा तेव्हाही होता. फायलीत असावा.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी भोंगा पुन्हा वाजला. कोणी हललं नाही. "परिपत्रक आलंय का?" एवढंच एकाने विचारलं. नव्हतं आलं. मीटिंगला त्रास होतो म्हणून सिक्युरिटीवाल्याने पॅनेलचं बटण दाबून आवाज बंद केला. पँट्रीत टोस्टर धुमसत होता, तो पँट्रीतल्या मावशींनी ओल्या फडक्याने विझवला. संध्याकाळी ॲडमिनचा मेल आला : पूर्वसूचनेशिवाय अलार्म वाजल्याची गंभीर दखल घेण्यात आली असून मावशींकडून खुलासा मागवला आहे.