नकाराचा धडा गाळलेला अभ्यासक्रम

डेटिंग कोचिंगच्या ऑनलाइन कोर्समध्ये पुरुषाला बरंच काही शिकवतात. फोटो कुठल्या उजेडात काढायचा, दाढी किती ठेवायची, पहिला मेसेज किती शब्दांचा हवा, कॅफेत कुठल्या खुर्चीवर बसायचं. समोरची बाई काय बोलते आहे ते ऐकायचं, एवढं मात्र शिकवत नाहीत. असा एक कोर्स मी या सदरासाठी पैसे भरून केला. केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. एकट्या पडलेल्या पोरांना हा धंदा आणखी एकटं पाडतो.

नमुना बघा. मेसेजिंगच्या धड्यात कोचनं एका मुलाचं आणि मुलीचं चॅट पडद्यावर लावलं. मुलीचं नाव झाकलेलं, बाकी सगळं उघडं. तिला विचारून लावलं होतं का, हे त्यानं सांगितलं नाही. मुलानं शनिवारी कॉफीला येतेस का म्हणून विचारलं होतं. तिचं उत्तर असं : ‘शनिवारी नाही जमणार रे, आईला चेकअपला न्यायचंय. पुढच्या आठवड्यात बघू?’ साधं, सरळ, मायेचं उत्तर. कारण दिलंय, पुढचा आठवडाही तिनंच सुचवलाय. कोचनं त्याभोवती लाल गोल काढला. म्हणाला, ही टेस्ट आहे. तू किती उतावीळ आहेस ते ती बघतेय. दोन दिवस रिप्लाय द्यायचा नाही, नंतर कॉफीचा विषयच विसरल्यासारखं दाखवायचं.

लाइव्ह सत्रात मी विचारलं, ‘आईची तब्येत कशी आहे, एवढं विचारलं तर काय बिघडतं?’

‘सर, मग तुम्ही फ्रेंडझोनमध्ये गेलात.’

आईची चौकशी करणारा माणूस इथं नापास होतो. ती आजारी आईबद्दल बोलतेय, हे ऐकूच यायला नको अशी ही तालीम आहे.

हा माल मुळात अमेरिकेतला. रॉस जेफ्रीज नावाचा माणूस संमोहनाची भाषा वापरून बायका वश करण्याचे वर्ग घ्यायचा. 2005 साली पत्रकार नील स्ट्रॉसचं ‘द गेम’ आलं आणि या मंडळींच्या युक्त्या जगभर पोचल्या. कौतुकाच्या आत टोमणा लपवून मुलीचा आत्मविश्वास डळमळीत करायचा, ही त्यातली सगळ्यात गाजलेली. 2014 साली याच पठडीतल्या ज्युलियन ब्लँक या प्रशिक्षकाचे बायकांशी धसमुसळेपणा करतानाचे व्हिडिओ बाहेर आले. ऑस्ट्रेलियानं त्याचा व्हिसा रद्द केला, ब्रिटननं त्याला येऊ दिलं नाही. खुद्द स्ट्रॉसनं 2015 साली ‘द ट्रूथ’ लिहून स्वतःच्या नात्यांची वाताहत मांडली. आपल्याकडचे कोच हे दुसरं पुस्तक कधी वाचायला सांगत नाहीत. पहिल्यातलेच उतारे हिंदी-मराठीत घोळवून विकतात.

शास्त्राचा आधार म्हणून दोन दावे पुन्हा पुन्हा येतात. दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला आकड्यांचा. बोलण्यात शब्दांना किंमत फक्त 7 टक्के, आवाजाला 38 आणि चेहऱ्याला 55. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 सालच्या प्रयोगांतून उचललेले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायचं होतं. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरं, अशा वेळी माणूस कशावर भरवसा ठेवतो, हा तिथला प्रश्न. सगळ्या बोलण्याला हे गणित लावू नका, असं मेहराबियननं स्वतःच सांगितलं आहे. पण कोचला ते 7 टक्के हवेच असतात. शब्दांची किंमत एकदा इतकी खाली आणली की तिच्या ‘नको’लाही तेवढंच वजन उरतं. बाकीचे 93 टक्के वाचायला कोच बसलेला आहे आणि त्याच्या वैयक्तिक सत्राची फी वेगळी आहे.

दुसरा दावा अल्फाचा. लांडग्यांच्या कळपात एक दांडगा नर बाकीच्यांना दाबून ठेवतो, माद्या त्यालाच निवडतात, म्हणून तूही तसा हो. प्राण्यांचा अभ्यासक रुडॉल्फ शेंकेलनं 1947 साली लांडग्यांच्या वर्चस्वाबद्दल लिहिलं ते बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात, एका आवारात कोंडलेल्या लांडग्यांकडे बघून. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेकच्या 1970 सालच्या पुस्तकानं ती कल्पना घरोघरी नेली. पुढे मेकनं कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर रानातला कळप अनेक उन्हाळे जवळून पाहिला आणि 1999 साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला. शास्त्रज्ञानं आपलं म्हणणं जाहीरपणे बदललं त्याला पाव शतक उलटलं. कोर्समध्ये अजून जुनाच लांडगा आहे.

आता पोरांबद्दल. कोर्सच्या ग्रुपवर भेटलेली मुलं टवाळखोर नाहीत, हे मला ठासून सांगायचं आहे. चाकणच्या कारखान्यातला इंजिनिअर, हिंजवडीतला टेस्टर, नाशिकच्या बँकेतला कारकून. शाळेत मुलीशी दोन वाक्यं बोललं की वर्गभर नाव जोडायचे, म्हणून बोलले नाहीत. मेकॅनिकलच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. घरी बहिणीच्या मैत्रिणी आल्या की हे आतल्या खोलीत. आणि एक दिवस घरचे म्हणणार, स्थळ आलंय, गच्चीवर जाऊन दहा मिनिटं बोलून ठरव. आयुष्यभर ज्यांना बोलू दिलं नाही त्यांच्याकडून आपण दहा मिनिटांत आयुष्याचा निर्णय मागतो. ही मुलं कोचकडे गेली नाहीत तरच नवल.

त्यातल्या एकानं डेटिंग ॲपवर मॅच झालेल्या मुलीला पाठवायचा मेसेज आधी ग्रुपवर टाकला. लिहिलं होतं : ‘तुझ्या फोटोत हरिश्चंद्रगड दिसला. नळीच्या वाटेनं गेलीयेस का कधी? मी दोनदा ठरवून मागं फिरलोय.’ किती छान मेसेज! यात त्याची आवड आहे, तिच्याबद्दल कुतूहल आहे, आणि ‘मागं फिरलोय’ म्हणण्याचा प्रांजळपणा आहे. जी खरंच चढली असेल तिला यावर पानभर लिहावंसं वाटेल. कोचनं तो खोडला. फार इंटरेस्ट दाखवतोयस म्हणाला. ‘मागं फिरलोय’ तर अजिबात नको, वीक दिसतोस. त्याऐवजी पाठवायला दिलं : ‘दिसतेस तेवढी साधी नाहीयेस तू.’ मुलानं तेच पाठवलं. तासाभरात तिनं त्याला अनमॅच केलं. कोचनं ग्रुपवर लिहिलं, लो क्वालिटी मॅच होती.

मला त्या क्षणी भयंकर संताप आला. मुलाचं स्वतःचं बोलणं त्याच्या तोंडून काढून घेतलं, परक्याचं वाक्य त्याच्या हाती दिलं, आणि ते फसल्यावर दोष मुलीच्या माथी मारला.

एकटेपणाचं दुसरं कारण तर कोच उच्चारतच नाही. तू एकटा आहेस कारण तुझा माइंडसेट चुकलाय, एवढंच त्याचं निदान. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 913 मुली होत्या. ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. 2011 साली हा आकडा 894 वर आला, बीड जिल्ह्यात 807 वर. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले आणि बायको मिळवून द्या म्हणाले, तेव्हा बातम्यांमध्ये हशा पिकला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मुली पोटातच मारल्या, उरलेल्यांना पोरांशी बोलू दिलं नाही. हे मागच्या पिढीनं केलं आणि त्याची फी आज मुलगा भरतोय.

मराठीत स्त्री-पुरुष संबंधांवर सरळ बोलायची सोय एके काळी होती. र. धों. कर्व्यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. वाचकाच्या प्रश्नाला आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचे. त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934 साली डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू कोर्टात मांडली. बाईला स्वतःची इच्छा असते आणि ती तिनंच सांगायची असते, हे कर्वे जन्मभर लिहीत राहिले. आज तोच प्रश्न पडलेला मुलगा फोन उघडतो आणि त्याला कोच सापडतो.

कोर्सचा सगळ्यात धोकादायक भाग शेवटी येतो. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत : ‘नो म्हणजे नॉट येट’. तिनं उत्तर दिलं नाही तर इन्स्टावर शोधा, तिच्या स्टोरीवर प्रतिक्रिया द्या, नव्या नंबरवरून मेसेज करा. हा सल्ला ऐकणाऱ्या प्रत्येकानं भारतीय न्याय संहितेचं कलम 78 वाचावं. 1 जुलै 2024 पासून ते लागू आहे. त्याआधी 2013 पासून हीच तरतूद भारतीय दंड संहितेत 354-ड म्हणून होती. बाईनं नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही जवळीक साधायला पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा गुन्हा आहे. ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हाही गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत. कोच ज्याला चिकाटी म्हणतो त्यासाठी मुलगा तुरुंगात जाऊ शकतो. पण शिक्षेची भीती ही नंतरची गोष्ट. तिकडे एक मुलगी नंबर ब्लॉक करून थकलेली असते, रिक्षातून उतरताना मागे वळून बघत असते. या कोर्समध्ये तिच्याबद्दल एक वाक्य नाही.

खरं काय चालतं, याचा अभ्यास झालेला आहे आणि तो फुकट वाचता येतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांनी 1997 साली अनोळखी माणसांच्या जोड्यांना 36 प्रश्न दिले, हलक्याकडून खोलाकडे जाणारे, दोघांनीही उत्तरं द्यायची. पाऊण तासात त्यांच्यात गप्पाटप्पा करणाऱ्या जोड्यांपेक्षा जास्त जवळीक वाटू लागली. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 साली स्पीड डेटिंगच्या संभाषणांचा अभ्यास केला. समोरच्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले होते. आईचा चेकअप कसा झाला, हा नेमका तसा प्रश्न. मी जर शिकवायला बसलो तर एवढंच शिकवीन : विचार, ऐक, त्यावरून पुढचं विचार, आणि ती नाही म्हणाली तर ‘बरं, काळजी घे’ म्हणून खरंच थांब. कॉलेजांनी हे पहिल्या वर्षात, मुलामुलींना एका वर्गात बसवून करावं. शाळांनी आठवीपासून करावं.

राहिला पैशांचा हिशेब. कोर्सच्या पानावर 49,999 वर काट मारून 9,999 लिहिलेले असतात आणि शेजारी घड्याळ उलटं धावत असतं : सवलत संपायला 14 मिनिटं. पान बंद करून पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा नव्यानं सुरू. ही फसवणूक आहे आणि कायद्याला ती माहीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा तेरा ऑनलाइन क्लृप्त्या यादी करून बंद केल्या. खोटी घाई करणं ही त्यातलीच एक. मी तक्रार नोंदवली आहे. ज्यांनी असे पैसे भरले त्यांनी पावती, त्या घड्याळाचे दोन स्क्रीनशॉट आणि फी परतीच्या अटींचं पान जपून ठेवावं. आपण असला कोर्स केला हे चारचौघांत कळेल म्हणून मुलं गप्प बसतात आणि कोच त्यावरच जगतो. तक्रारीत कोर्सचा विषय मिरवायची गरज नाही, ‘ऑनलाइन प्रशिक्षण’ एवढं पुरतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.