बटण आपलं, लहरही आपलीच!

पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडावर एक दादा हमखास दिसतात. छातीला चिनी वॉकीटॉकी, तोंडी सतत 'ओव्हर'. बोलणं कोणाशी? दहा पायऱ्या खाली कणीस खात बसलेल्या मेव्हण्याशी.

यंत्र स्वस्तातलं, पण दिलदार. मेनू दाबा, आकडे टाका, की 136 ते 174 मेगाहर्ट्‌झपर्यंतची कुठलीही लहर आपली. मग तिथे पोलीस असोत, खंडाळ्याच्या घाटात गाडी उतरवणारे रेल्वेवाले असोत, नाहीतर 144 ते 146 मध्ये बोलता यावं म्हणून परीक्षा देऊन परवाना काढणारे बिचारे हौशी हॅम! अमेरिकेत व्यावसायिक संचांना पुढच्या बटणांवरून वापरणाऱ्याने लहर बदलण्याची मुभाच सहसा नसते. आपल्याकडे दादांना कोण अडवणार? शेजारी लोणावळ्यात नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, याचंही त्यांना सोयरसुतक नाही.

मे 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांसाठी वॉकीटॉकीची नियमावली काढली. तोवर संच कांदाभज्यांसारखे खपले होते.

दादा, विनापरवाना बोलायला 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ मोकळं आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त, कमी शक्तीचा संच घ्या. मेव्हण्याला तर नुसती हाकही ऐकू जाईल.